सारा हेन्रीला अर्ध्या वाक्यात गुंडाळलेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी पॅट्रिक हेन्री याच्यावरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहिते आहे. लेखाला मथळा 'जीवन आणि कुटुंब' आणि आत कुटुंब किती, तर 'पहिली पत्नी आजारपणात वारल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला', एवढेच! लेखकमहाशयांचा व्यासंग मोठा असेल, पण हे वाक्य त्यांना लिहवले कसे?

सारा शेल्टनशी हेन्रीचे लग्न १७५४ मध्ये झाले. तिच्या माहेरून ३०० एकरांची शेती आली, ६ गुलाम आले. (माणसे आंदणात दिली जात होती, तेही लेखात नाही.) घर जळाले, दुकान बुडाले, तेव्हा हे जोडपे तिच्याच वडिलांच्या खानावळीत राहिले. पुढे हेन्री वकील झाला आणि १७६५ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीच्या हाउस ऑफ बर्जेसिसमध्ये, म्हणजे तिथल्या कायदेमंडळात, ब्रिटिशांनी कागदपत्रांवर कर लादणाऱ्या स्टॅम्प कायद्याविरुद्ध ठराव मांडून गाजला. घरी मुले होती ती साराच्या पदरात. १७७१ च्या सुमारास, सहाव्या मुलानंतर, तिचे मन बिघडले.

१७७३ मध्ये विल्यम्सबर्गला मनोरुग्णांचे इस्पितळ उघडले. हेन्री ज्या सभागृहात बसत होता, त्याच सभागृहाच्या कायद्याने ते उभे राहिले होते. तिथे कोठड्या होत्या आणि रुग्णांना जखडायला भिंतीत साखळ्या. हेन्रीने बायकोला तिथे धाडले नाही. स्कॉचटाउनच्या आपल्या घरात, तळघरातल्या खोल्यांत ठेवले. तिचे सगळे थोरली मुलगी मार्था आणि घरातल्या गुलाम बायका करीत. १७७५ च्या आरंभी ती गेली आणि २३ मार्चला रिचमंडच्या चर्चमध्ये 'स्वातंत्र्य द्या, नाही तर मृत्यू द्या' हे भाषण झाले. अजून सुतक उतरले नसेल अशा मनःस्थितीत तो माणूस उभा होता. भाषणावर रकानेच्या रकाने लिहिताना हे सांगावेसे वाटले नाही?

मला हे इतके का लागले, तेही सांगते. माझी आत्या पहिल्या बाळंतपणानंतर अशीच भ्रमिष्ट झाली. सासरच्यांनी आणून सोडली, बाळ ठेवून घेतले. ती पुढे मरेपर्यंत आमच्याकडे राहिली. आजी रोज सकाळी मागच्या ओसरीवर तिची वेणी घाली. हात वर गेला की आत्या दचके, म्हणून आजी आधी तिच्या हातात कंगवा देई आणि मगच केसांना तेल लावी. पुढे तिच्या सासरच्यांचा कुलवृत्तान्त निघाला. त्यात काकांच्या नावापुढे छापले होते, 'प्रथम पत्नी निवर्तल्यावर द्वितीय विवाह'. तेव्हा आत्या जिवंत होती, आमच्या ओसरीवर बसलेली होती! वडिलांनी संपादक मंडळाला पत्र पाठवले, त्याचे साधे उत्तरही आले नाही. आपल्या लेखातले ते वाक्य वाचताना तेच पान डोळ्यांपुढे आले.

हेन्रीने केले ते बरोबर की चूक, यावर भांडायला मी बसलेली नाही. बायकोला साखळीला बांधू दिले नाही, हे मला मोठे वाटते. तळघर मात्र मनातून जात नाही. पण हे लिहायला हवे होते.

आणखी एक. चित्राखाली हेन्रीला 'स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा' म्हटले आहे. त्याची सही त्यावर नाहीच. जुलै १७७६ मध्ये तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. शिवाय ते भाषण अवतरणचिन्हांत शब्दशः दिले आहे. त्याचा पाठ १८१७ मध्ये, हेन्री मेल्यावर १८ वर्षांनी, त्याचा चरित्रकार विल्यम वर्टने ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून जुळवून प्रथम छापला, हे कुठेतरी सांगायला नको का? पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि त्यात साराचे नाव पूर्ण द्यावे, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये.)