कालव्यावर बोटीत राहणाऱ्या शेजारीणबाईंना

शेजारीणबाई,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतलं आभाराचं पत्र तुम्हाला फोनवर पाठवलंच आहे. हे मराठीतलं मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. लंडनच्या वायव्येला, ॲल्परटनमध्ये, ईलिंग रोडपासून चार पावलांवर कालव्याला लागून जे नवे टॉवर उभे राहिलेत, त्यांत मराठी घरंही आहेत. खिडकीतून रोज बोटी दिसतात, पण बोटीत राहणाऱ्या माणसांशी कधी बोलणं झालंय असं घर विरळाच. तुम्ही काय केलंत ते या घरांपर्यंत पोचावं, आणि माझ्या सासऱ्यांना, बाबांना, ते आपल्या भाषेत वाचता यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुम्ही इथे येण्याआधी काय चाललं होतं, ते सांगितलंच पाहिजे. थंडी पडली की आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धुराचा विषय निघायचा. बोटीतल्या शेगडीचा धूर, बॅटरी चार्ज करायला चालू ठेवलेल्या इंजिनाची घरघर, काठावर रचलेली लाकडं. तक्रारी खोट्या नव्हत्या. पहिल्या मजल्यावरच्या आजींना दमा आहे, त्यांना धुराचा खरोखर त्रास व्हायचा. पण बघता बघता भाषा घसरायची. ‘ते लोक’ फुकट राहतात, ‘त्या लोकांना’ हाकला. मग टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेवर, उघडणाऱ्या फाटकाला कोडचं कुलूप बसलं. बोटींवरची बाजू तुमच्याकडून नंतर कळली. टॉवर उभे राहिले आणि ऊन गेलं, सोलर पॅनलवर भर दुपारी सावली. बाल्कनीतून लोक थेट आत बघतात म्हणून दिवसाढवळ्या पडदे ओढून बसायचं. दोन्ही बाजूंना एकत्र बसवायला एक मीटिंगही झाली होती. समोरासमोर खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे जे व्हायचं तेच झालं.

तुम्ही कुणाचीच वकिली केली नाहीत. शनिवारी टोपाथवर घडीचं टेबल मांडलंत, एनॅमल पेंटचे डबे उघडलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात ब्रश देत गेलात. कालव्यावरच्या बोटींची ती जुनी कला, गुलाब आणि किल्ले, मी तोवर फक्त चित्रांत पाहिली होती. गुलाब कसा होतो ते तुमच्या हाताखाली पाहिलं. आधी हिरवी पानं. मग गडद रंगाचा एक गोल. तो वाळला की त्यावर फिक्या रंगाच्या पाकळ्या, एका फटकाऱ्यात एक पाकळी. ब्रश दाबत आणायचा, वळवायचा आणि उचलायचा. गेलेल्या फटकाऱ्यावर परत हात फिरवायचा नाही, हे तुम्ही दहादा सांगायचात आणि आम्ही दहादा फिरवायचो. हात असे गुंतलेले असले की माणूस शेजारच्याशी आपसूक बोलू लागतो. त्या टेबलाशी कोण इमारतीतलं आणि कोण बोटीवरचं, हे थोड्या वेळाने विचारावंसंही वाटायचं नाही.

रंगवता रंगवता तुम्ही या पाण्याचा इतिहास सांगायचात. पॅडिंग्टनकडे जाणारा हा फाटा 1801 साली सुरू झाला. आज ज्या बोटी घरं आहेत, त्या घडणीच्या बोटी मुळात मालवाहू. रुंदी जेमतेम सात फूट, कारण मध्य इंग्लंडमधली, मिडलँड्समधली, बरीच लॉक्स, म्हणजे बोटींना वरखाली नेणारे दारांचे हौद, तेवढ्याच मापाची. मागच्या बाजूला दहाएक फुटांची खोली, तिच्यात अख्खं कुटुंब, उरलेली सगळी बोट कोळशासारख्या मालाला. गावातले लोक या कुटुंबांना गलिच्छ म्हणायचे. 1877 मध्ये कायदा झाला, बोटींची नोंदणी सुरू झाली, खोलीत किती माणसं झोपतात ते तपासायला निरीक्षक येऊ लागले. आणि त्याच खोल्यांच्या दारांवर, खणांवर, पाण्याच्या झारीवर गुलाब, तळी, किल्ले, पूल. ही चित्रकला नेमकी कुठून आली यावर जाणकारांचं एकमत नाही. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. ज्यांना बाहेरचे लोक नावं ठेवत होते, त्यांनी आपली वीतभर जागा इतकी देखणी ठेवली, हे माझ्या मनात राहिलं. आमच्या ग्रुपवरचे मेसेज त्यानंतर मला आणखीच लाजिरवाणे वाटू लागले.

आता बाबांबद्दल. बाबा मिरजेत आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि धंदा बसला. इकडे आमच्याकडे राहायला आल्यापासून दिवसभर खिडकीशी बसून असायचे. त्या शनिवारी मी त्यांना आग्रहाने खाली आणलं. तुमच्या हातातला लांब केसांचा ब्रश आणि मनगटाखाली टेकवलेली काठी त्यांनी लांबूनच ओळखली. “ही तर आमची काठी,” एवढं म्हणाले आणि टेबलाशी जाऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी बेताचं, तुम्हाला मराठी शून्य. तरी अक्षराला सावली कोणत्या बाजूने द्यायची यावर तुम्हा दोघांचं तासभर चाललं होतं. तुम्ही डावीकडून खाली देता, बाबा उजवीकडून. शेवटी एकाच फळीवर दोन्ही देऊन पाहिल्या आणि दोघंही आपापल्या मतावर ठाम राहिलात. घरी येताना बाबा किती वर्षांनी तरातरा चालले, ते मी मागून पाहत होते. याबद्दल तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे मला खरंच कळत नाही.

पण तुमची सगळ्यात मोठी करामत म्हणजे अदलाबदल. इमारतीतल्या प्रत्येक घराने एक पत्र्याची झारी रंगवायची आणि ती एका बोटीला द्यायची. बोटीवाल्यांनी कुंड्या रंगवायच्या, त्या आमच्या फाटकाशी राहणार. भिंतीवर मोठं म्युरल काढून द्या, असं कुणीतरी सुचवलं होतं. तुम्ही नाही म्हणालात ते फार बरं झालं. म्युरल इमारतीचंच राहिलं असतं. ‘कालव्याचा वारसा’ म्हणून जाहिरातीत झळकलं असतं आणि कालव्यावरची माणसं होती तिथेच राहिली असती.

बोटी एका जागी थांबत नाहीत, हेही त्या झाऱ्यांमुळेच आमच्या घराघरांत कळलं. 1995च्या कायद्याप्रमाणे, कायमचा धक्का नसलेल्या बोटीला एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, अगदीच सबळ कारण असलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे शाळा, डॉक्टर, नोकरी सांभाळत घर सतत पुढे न्यायचं. शिवाय कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या लायसन्सची फी, विमा, दर 4 वर्षांनी सुरक्षेचं प्रमाणपत्र. ‘फुकट राहतात’ म्हणणाऱ्या आमच्या मंडळींना हे तुम्ही एकदाही सुनावलं नाहीत. आपली झारी दिलेल्या बोटीवर ते चहा प्यायला गेले, तेव्हा त्यांनीच विचारलं आणि त्यांनाच कळलं.

बाबांच्या झारीची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगते. जुन्या बोटींवर नोंदणीचं गाव रंगवलेलं असायचं, हे तुमच्याकडून ऐकल्यावर त्यांनी गुलाबांच्या खाली देवनागरीत ‘मिरज’ लिहिलं, उजवीकडच्या सावलीसकट. ती झारी आता तुमच्या छपरावर असते. मे महिन्यात पॅडिंग्टनजवळ लिटल व्हेनिसला कॅव्हलकेड भरला, बोटींचा तो मेळा 1983 साली सुरू झाला, तेव्हा आमच्या मजल्यावरची निम्मी घरं आपापल्या झाऱ्या शोधत काठाने फिरत होती. तिथे एका पुणेरी आजोबांनी ‘मिरज’ वाचलं आणि थबकून बाबांना गाठलं. मग दोघांच्या गप्पा संपेचनात.

सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. धूर अजून येतो. फाटकाला कुलूप अजून आहे आणि ते मला रोज खटकतं. पण आता आजींना त्रास झाला तर ग्रुपवर लिहिण्याऐवजी त्यांचा नातू खाली जाऊन सांगतो, आणि बोट थोडी पुढे सरकते किंवा शेगडीत लाकडाऐवजी धूर न करणारा कोळसा पडतो. रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन लावायचं नाही हा नियम बोटीवाले पाळतातच. एका रात्री एक इंजिन चालू राहिलं तेव्हा आमच्याकडच्या एका तक्रारखोर गृहस्थांनी, “बरं आहे ना सगळं?” असं विचारायला फोन केला. त्या बोटीवरच्या बाळाला ताप होता. गृहस्थ थर्मामीटर घेऊन खाली गेले. हेच ते गृहस्थ, ज्यांनी कुलपाचा ठराव मांडला होता. त्यांच्या घरची झारी निळी आहे, तुम्हाला आठवत असेल.

सध्या तुम्ही ग्रीनफर्डच्या पलीकडे आहात असं कळलं. पुढच्या खेपेला ॲल्परटनला लागलात की मेसेज करा. फाटकाशी ठेवलेल्या दोन कुंड्यांचा रंग उन्हापावसाने उडालाय, त्यांना नवा हात हवा. शेजारच्या टॉवरमधून सहा घरांनी नावं दिली आहेत, त्यांच्यासाठी झाऱ्या लागतील. पैसे आम्ही जमवलेत, पत्र्याची दुकानं तुम्हाला ठाऊक. बाबांनी मिरजेहून खारीच्या केसांचे ब्रश मागवलेत, त्यांतला एक तुमच्यासाठी आहे. जेवायला यायचंच, सबब काही ऐकून घेणार नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण