रंगाऱ्याला सध्या थांबव

सातारा,
४ मे

चि. सौ. मेघनास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रंगाऱ्याचा हिशेब सांगितलास. पुट्टी, प्लास्टिक पेंट, बेडरूमला पीओपीचं सीलिंग, सगळं मिळून एक लाख दहा हजार. मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. तुला वाटलं असेल बाबांना आकडा जड गेला. आकड्याचं काही नाही गं, पैसे तुमचे आणि घरही तुमचं. पण वास्तुशांतीला आलो होतो तेव्हा बेडरूमच्या कोपऱ्यात कपाटाच्या वर छताला भाकरीएवढा पिवळट डाग पाहिला होता. तुझ्या सासूबाई समोर बसल्या होत्या, म्हणून तिथे तोंड उघडलं नाही. आणि फोनवर काही सांगायला जावं तर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि मागे कुकर ओरडत असतो. म्हणून हे पत्र. रंगाऱ्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नकोस. दिला असेल तर त्याला म्हणावं, आता नको, दिवाळीच्या आधी ये.

बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं ओव्हरसीअरकी केली. त्यात सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले पाहिले ते ओल्या भिंतीवर रंग मारण्यात. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला बघतं, येताना सिमेंट-विटांतले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो. आपण म्हणतो लोणा लागला. त्यावर प्लास्टिक पेंट दिला की बाहेर पडायची वाट बंद. मग फुगे येतात, पोपडे सुटतात आणि लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतात. छताचं तर आणखी वाईट. स्लॅबमधल्या सळईला पाणी लागलं की ती गंजते, गंजली की फुगते, आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. त्याच्याखाली तू पीओपी लावलंस तर हे सगळं गुपचूप चालू राहणार. दिसेल तेव्हा डाग दिसणार नाही, सळई दिसेल.

तर आधी एवढं कर. स्टुलावर चढून (अजितरावांना स्टूल धरायला सांग) डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मार आणि तारीख लिही. मग पाच रुपयांचं नाणं घेऊन डागावर आणि भोवती टकटक वाजवून बघ. गिलावा धरून असेल तर टणटणीत आवाज येतो, सुटला असेल तर बद्द वाजतो. बद्द वाजलं तर त्याच्याखाली गादी टाकून झोपू नका, पलंग सरकवा. हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण ढलपा खाली येतो तेव्हा आधी सांगून येत नाही.

तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, तेव्हा पाणी येणार ते गच्चीतून. वर जाऊन डागाच्या बरोबर डोक्यावरची जागा बघ, पण तिथेच थांबू नकोस. पाणी कोब्यात (गच्चीवरच्या विटा-सिमेंटच्या थरात) एका ठिकाणी शिरतं आणि उतार मिळेल तसं दहा-बारा फूट जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतं. बघायच्या जागा म्हणजे कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला वाटा (सिमेंटची गोलाई असते ती), पावसाळी पाइपाचं तोंड आणि टाकीच्या पाइपांची बुडं. आणि हो, डिश अँटेनाचे बोल्ट! त्या दिवशी चहा पिऊन मी वर चक्कर मारली होती. तुमच्या गच्चीवर सात अँटेना आहेत, त्यातल्या चार बंद पडलेल्या, आणि प्रत्येकीचा पाय ड्रिलने कोब्यात ठोकलेला. ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांच्या तुकड्यांचा चार-साडेचार इंचांचा थर. त्यात पाणी शिरलं की तो स्पंजासारखा धरून ठेवतो. म्हणून पाऊस थांबला तरी तुमचा डाग आठवडाभर ओला राहत असणार. आधीच्या मालकाने तो सांगितला नाही, चुना मारून विकला. चालायचंच, मीही विकताना काय काय सांगितलं असतं देव जाणे.

खात्री करायची तर पाणी साठवून बघायचं. अख्खी गच्ची भरू नका, मे महिन्यात डोंबिवलीत एवढं पाणी आणणार कुठून. संशयाच्या जागेभोवती सहा बाय सहा फुटांचा मातीचा बांध घालायचा आणि तीन इंच पाणी भरायचं. अडीचशे लिटर पुरतं. दोन दिवस ठेवायचं आणि खाली पेन्सिलीची रेघ बघायची. डाग रेघेबाहेर गेला तर चोर सापडला. नाही गेला तर बांध दुसरीकडे. कंटाळवाणं काम आहे, पण ठेकेदार "सगळी गच्ची करावी लागेल" म्हणतो तेव्हा हाच कंटाळा तुमचे पैसे वाचवतो.

ठेकेदारावरून आठवलं. जुन्या कोब्यावरच नवीन थर द्यायला कोणी तयार झाला तर नाही म्हणा. दोन इंचांचा सिमेंटचा थर चौरस फुटाला नऊ-दहा किलो भरतो. पाचशे फुटांच्या गच्चीला ते पावणेपाच टन झाले, आणि इमारत १९९८ची. जुना थर काढायचा, उतार नीट धरायचा (दहा फुटाला सव्वा इंच तरी), वाटा नवीन मारायचा आणि सात दिवस पाणी मारायचं. हे शेवटचं कोणी करत नाही. गवंडी गेला की पाणी मारणार कोण, वॉचमन? त्याला वेगळे पाचशे रुपये द्या आणि संध्याकाळी स्वतः वर जाऊन पायाने ओल बघा. सिमेंटच्या पोत्यावर कधी बनवलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर परत पाठवा.

खर्च तुमचा नाही, हे सेक्रेटरींना गोड बोलून पटवायला लागेल. गच्चीतून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) तसं आहे. तोंडी सांगू नकोस. पत्र दे, डागाचे फोटो जोड आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घे. त्याच पत्रात विचार की शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) कधी झालं. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी करून घ्यायचं असतं. सेक्रेटरी चिडतील. चिडू देत. सगळ्यात वर राहणाऱ्याला सोसायटीत नेहमी एकटंच भांडावं लागतं, खालच्यांना गच्ची म्हणजे फक्त पापड वाळवायची जागा.

आता खिडकीचं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या छज्जाला खालच्या बाजूने, पुढच्या कडेपासून दोन इंचांवर, आडवी बोटभर खाच आहे का, हात घालून बघ. पावसाचं पाणी कडेवरून खाली वळतं आणि छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे धावतं. ती खाच असली की पाणी तिथे तुटतं आणि थेंब होऊन खाली पडतं. रुपयाची वस्तू नाही, पण भिंत वाचते. गेल्या वेळी रंग देताना कोणीतरी पुट्टीने ती भरून चकचकीत केली असेल, असा मला संशय आहे. तसं असेल तर रंगाऱ्याला कोरून मोकळी करायला सांग. आणि ड्रेनेज पाइपाशेजारी पिंपळाचं रोप आलंय ते नुसतं उपटू नका, मूळ आत राहतं आणि दुप्पट जोराने येतं. सांध्याचा गिलावा फोडून मुळासकट काढायचं. तुझी आई म्हणेल पिंपळ तोडू नये. तिला सांग, काढून खालच्या बागेत लावला.

बाथरूममध्ये तुम्ही अ‍ॅसिडची बाटली ठेवली आहे. ती आजच फेकून दे म्हणत नाही (फेकायची तरी कुठे), पण कामाच्या बाईंना फरशीवर ओतू देऊ नकोस. अ‍ॅसिड फरशी पांढरी करतं कारण ते वरचा थर खातं, आणि फरशीच्या सांध्यातलं सिमेंट तर आधी खातं. दर रविवारी चकाचक बाथरूम, आणि दोन वर्षांत खालच्या मजल्यावरचे काका तुझ्या दारात उभे. साबण आणि ब्रश पुरे. सांधे गेलेच असतील तर इपॉक्सी ग्राऊट भरून घे, महाग आहे पण टिकतं. फ्लशची टाकी आतून झिरपते का ते बघायला झोपताना टाकीत चार थेंब नीळ टाक आणि कोणाला वापरू देऊ नकोस. सकाळी भांड्यात निळं दिसलं तर आतला रबर गेला, शंभर-दोनशेचं काम. टाकीत नीळ टाकायची हे सासूबाईंना आधी सांग, नाहीतर त्यांना वाटेल धोबी बाथरूममध्येच आला.

विजेचं थोडक्यात. मेन बोर्डात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारी खटकी) आहे की नाही बघ, ३० मिलिअ‍ॅम्पची. नसेल तर रंगाआधी ती. असेल तर महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाब, खटकन पडली पाहिजे. गिझरला चार स्क्वेअर एमएमची वायर, दीड नाही. गॅसच्या नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदल. आणि स्वयंपाकघर मोठं करायला इंटीरिअरवाला कॉलमला छिन्नी लावू म्हणाला तर त्याला चहा देऊन पाठव.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे, ती आता लिहितो. तुझ्या लग्नाच्या वेळी आपल्या हॉलमध्ये मोठा आरसा आणला होता आठवतं? तुझे सगळे फोटो त्याच्यासमोरचे आहेत. त्या आरशामागे ओल होती. बाथरूमच्या लगतची भिंत. मी दोन वर्षांत तीनदा रंग दिला, तीनदा पोपडे. गच्चीतून येतंय असं गृहीत धरून गच्चीचंही काम करून घेतलं, अठरा हजार गेले. ओव्हरसीअर होतो ना, विचारणार कोणाला. खरं तर दुधाची पिशवी कापून भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवायची होती. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतलं, खोलीकडची झाली तर खोलीतल्या दमट हवेचं. एवढी साधी गोष्ट मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितली आणि स्वतःच्या घरात केली नाही. लग्न तोंडावर आलं, वऱ्हाड येणार, म्हणून आरसा आणला आणि लावला. तुझ्या लग्नानंतर चार महिन्यांनी आरसा उतरवला तर मागची वीट बोटाने उकरली जात होती. भिंत फोडली, तर आत गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपाच्या एल्बोला (वळणाच्या तुकड्याला) सुईएवढं भोक. दीडशे रुपयांचा एल्बो.

म्हणून टाइल बसवण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढून ठेव, बाजूला मेजरिंग टेप धरून. मला ते कोणी काढून ठेवले नव्हते, आणि मीही नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो, दुपारी पोचेन. थापी, ओळंबा आणि लाइनदोरी घेऊन येतो, बांधाला माती गच्चीखालच्या कुंड्यांतून मिळेल. तू फक्त पेन्सिलीची रेघ मारून ठेव. अजितरावांना नमस्कार सांग, सासूबाईंनाही.

आणि आरशाचं आईला बोलू नकोस. तिला अजून वाटतं तो मी तुझ्या हौसेसाठी आणला.

तुझा
बाबा