पाळी बदलताना सिलिंडर कोण पाहतो?

महोदय,

राज्यात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते, हे मोठेच काम आहे. परंतु कोकणात गाड्यांच्या संख्येइतकाच पाळी बदलताना काय तपासले जाते, हाही प्रश्न आहे. थोरल्या भावाला रत्नागिरीहून कोल्हापूरला एका खासगी रुग्णवाहिकेतून नेताना ऑक्सिजनचा सिलिंडर अर्धाच असल्याचे आम्हाला साखरप्याला, आंबा घाट चढण्याच्या तोंडावर कळले. (चालकाने बिचाऱ्याने नोंदवहीतल्या सहीवर विश्वास ठेवला होता.) गाडी सरकारी असो वा खासगी, पाळीप्रमुखाने सिलिंडरचा काटा, (रुग्णाच्या घशातला स्राव ओढून काढणारे) सक्शन यंत्र आणि डिझेल स्वतः पाहूनच सही करावी. शिवाय गणपतीत मुंबई-गोवा महामार्ग तुंबतो, तेव्हा एक गाडी त्याच महामार्गावरच्या हातखंब्याला आगाऊ उभी ठेवावी.

– एक वाचक, रत्नागिरी