चार ओळींत न मावणारी तीन ठिकाणे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्याची बातमी आपण पानभर दिलीत. साल्हेरपासून जिंजीपर्यंतचा नकाशाही दिलात. आनंद झाला, प्रतापगड माझ्याच जिल्ह्यातला. त्याच दिवशी, ११ जुलै २०२५ रोजी, पॅरिसच्या त्याच बैठकीत कंबोडियातली तीन ठिकाणेही यादीत आली : तुओल स्लेंग, चुंग एक आणि एम-१३. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकली होती : पोल पॉट या माथेफिरू हुकूमशहाच्या छळछावण्या. जागेची अडचण समजू शकतो. पण ‘माथेफिरू’ हे उत्तर फार सोयीचे आहे. वेड्याने केले म्हटले की कसे केले, कोणाच्या हातून केले, हे विचारायचे कारणच उरत नाही. पंधरा ते वीस लाख माणसे एका माथेफिरूच्या हातून मरत नाहीत. त्यासाठी कचेऱ्या लागतात, याद्या लागतात, धान्याचा हिशेब ठेवणारे लागतात.

मी जन्मभर वर्गात उभा राहिलो, म्हणून एक गोष्ट मला जास्त बोचते. १९७५ ते १९७९ कंबोडियावर राज्य करणाऱ्या पोल पॉटच्या साम्यवादी संघटनेच्या, म्हणजे ख्मेर रूजच्या, वरच्या फळीत शिक्षकांचाच भरणा होता. पोल पॉटचे खरे नाव सालोथ सार. १९४९ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला, रेडिओचे तंत्र शिकायला. परीक्षा काही जमल्या नाहीत, परत येऊन राजधानी नॉम पेन्हच्या एका खासगी शाळेत इतिहास आणि फ्रेंच साहित्य शिकवू लागला. गोड आवाजाचा, मुलांना आवडणारा मास्तर अशीच त्याची आठवण विद्यार्थ्यांनी पुढे सांगितली. इएंग सारी, सोन सेन शिक्षक. खिउ सम्फान तर पॅरिसहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेला. आणि तुओल स्लेंगच्या तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक इयाव ऊर्फ दुच हा गणिताचा शिक्षक.

त्या तीन ठिकाणांपैकी कंपोंग छनांग प्रांतातल्या एम-१३ मध्ये आज पाहण्याजोगे काही नाही, नुसती ओसाड जमीन आहे. तरी मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. हा तुरुंग १९७१ मध्ये सुरू झाला. तेव्हा ख्मेर रूजच्या हाती ना राजधानी होती ना सरकार. जंगलातच दुचने कैद्यांकडून कबुली कशी काढायची याचे प्रयोग केले, माणसे तयार केली आणि सत्ता आल्यावर तीच माणसे, तीच पद्धत घेऊन तो राजधानीत आला. म्हणजे सत्ता मिळाली आणि डोके फिरले, असा प्रकार नव्हता.

१७ एप्रिल १९७५ रोजी नॉम पेन्ह पडले. युद्धामुळे खेड्यांतून पळून आलेल्या निर्वासितांसह शहरात तेव्हा वीस लाखांच्या आसपास लोक होते. अमेरिकी विमाने बॉम्ब टाकणार आहेत, दोनतीन दिवसांसाठी बाहेर पडा, असे सांगून सगळे शहर रस्त्यावर काढले. इस्पितळेसुद्धा रिकामी केली; नातेवाईक रुग्णांना खाटांसकट ढकलत नेत होते. एप्रिलचे ऊन. दोनतीन दिवसांनी परत कोणी आले नाही. मग बाजार बंद, शाळा बंद, पॅगोडे बंद, भिक्षूंची वस्त्रे उतरवली. राष्ट्रीय बँक सुरुंग लावून उडवली. नव्या नोटा छापून तयार होत्या, त्याही वापरात आणल्या नाहीत. पैसाच नाही म्हटल्यावर माणसाला पोट भरायला एकच दार राहिले : सरकारी भातखाचर.

पुढची कत्तल मुख्यतः या भातानेच केली, आणि हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. हेक्टरी तीन टन भात, असे उद्दिष्ट वरून ठरले. युद्धापूर्वी सरासरी एक टनाच्या आसपास पीक येत असे. उद्दिष्ट पुरे न करणारा स्थानिक प्रमुख घातपाती ठरे, म्हणून तो पीक फुगवून कळवी. फुगवलेल्या आकड्यावर सरकारी वाटा ठरे, तो लॉऱ्या भरून जाई आणि गावाला उरे पाण्यात मोजून तरंगणाऱ्या शितांची पेज. १९७६ पासून घरची चूलही बंद झाली. भांडीकुंडी जमा करून सामुदायिक खानावळी काढल्या. बांधावरचा खेकडा पकडला किंवा रानातला कंद उकरला तरी ती खासगी मालमत्ता, म्हणजे गुन्हा. आजारी पडलेल्याला झाडपाल्याच्या काळ्या गोळ्या मिळत; लोक त्यांना सशाच्या लेंड्या म्हणत. डॉक्टर होते, पण ते आपण डॉक्टर आहोत हे लपवून चिखलात लावणी करत होते.

लोकांचे दोन भाग केले होते. पूर्वीपासून ख्मेर रूजच्या ताब्यात असलेल्या खेड्यांतले ते ‘जुने’, शहरातून हाकललेले ते ‘नवे’. नव्यांना रेशन कमी, काम जास्त. ‘तुला ठेवून फायदा नाही, घालवून तोटा नाही,’ हे वाक्य त्यांना तोंडावर ऐकवले जाई. राज्य कोण करते हेही बराच काळ सामान्य माणसाला ठाऊक नव्हते. हुकूम यायचा ‘अंगकार’चा, म्हणजे संघटनेचा, आणि अंगकारला अननसाइतके डोळे असतात असे बजावले जाई. प्रत्येकाने आपली जीवनकहाणी लिहून द्यायची, काही महिन्यांनी पुन्हा लिहायची. दोन्हींत फरक सापडला की संपला. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून त्यांच्यावरच पाळत ठेवायला लावले. लग्नेसुद्धा अंगकार लावी, एकेका वेळी अनेक जोडप्यांची.

तुओल स्लेंग ही मुळात शाळा. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे मैदान. वर्गांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम पाय पसरेल अशा कोठड्या केल्या. व्हरांड्यांना काटेरी तारेची जाळी लावली, कारण उडी मारून सुटका करून घेण्याचीही मुभा नव्हती. मैदानात मुलांच्या कसरतीचा लाकडी सांगाडा होता, त्याला कैदी उलटे टांगले. आलेल्या प्रत्येकाचा फोटो निघे. मग कबुलीजबाब. एकच माणूस सीआयएचा, केजीबीचा आणि व्हिएतनामचाही हेर असल्याचे कबूल करी. साथीदारांची नावे द्यावीच लागत. त्या नावांची पुढची यादी होई आणि ती माणसे आणली जात. दुच हे कागद तपासून समासात शेरे मारी आणि पसंत न पडलेला जबाब पुन्हा लिहायला पाठवी. उत्तरपत्रिका तपासल्यासारखे. इथले बहुतेक कैदी खुद्द ख्मेर रूजचेच कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय होते, हे विशेष. पुढे या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने धरलेला कैद्यांचा किमान आकडा बारा हजारांवर आहे, काही अंदाज अठरा हजारांपर्यंत जातात. वाचले ते बोटांवर मोजण्याइतके : पोल पॉटची चित्रे काढून घ्यायची होती म्हणून चित्रकार वान नाथ, टाइपरायटर दुरुस्त करता येत होते म्हणून मेकॅनिक चुम मे. बाकीच्यांना रात्री ट्रकने पंधरा किलोमीटरवरच्या चुंग एकला नेत. तिथे गोळ्या वाचवण्यासाठी कुदळी आणि बैलगाडीचे आस वापरले. पुढे तिथल्या खड्ड्यांतून जवळपास नऊ हजार मृतदेह निघाले.

चाम मुसलमान आणि व्हिएतनामी वंशाचे लोक यांच्यावर तर वंश पाहूनच वरवंटा फिरवला. १९७८ मध्ये पूर्व विभागातल्या स्वतःच्याच लोकांवर संशय आला, तेव्हा तिथून हलवलेल्यांच्या गळ्यात निळ्या चौकड्यांचे पंचे अडकवले. पुढच्या गावात कोणाला मारायचे ते लांबून कळावे, म्हणून.

हे लिहिले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला यात फक्त साम्यवाद दिसतो, दुसऱ्याला फक्त अमेरिका. १९६९ ते १९७३ मध्ये अमेरिकेने कंबोडियावर सुमारे पाच लाख टन बॉम्ब टाकले, उद्ध्वस्त खेड्यांतली पोरे ख्मेर रूजला आयती मिळाली, हे खरे. सत्तेत असताना चीनने त्यांना पोसले, हेही खरे. पण जीवनकहाण्या तपासणारे आणि भाताचे खोटे आकडे लिहिणारे हात कंबोडियातलेच होते.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजांनी नॉम पेन्ह घेतले आणि ही राजवट संपली. कंबोडियन माणूस तो काळ तीन वर्षे, आठ महिने, वीस दिवस असा मोजून सांगतो. तेवढ्यात ऐंशी लाखही वस्ती नसलेल्या देशातला दर चारपाच माणसांमागे एक गेला. आणि त्यानंतरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची वर्षानुवर्षे ख्मेर रूज आणि मग त्यांच्या आघाडीकडेच राहिली, कारण चीन आणि अमेरिकेला व्हिएतनामला धडा शिकवायचा होता. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली. तेव्हा बिगरसाम्यवादी जगात आपण जवळपास एकटे पडलो होतो. आपल्या परराष्ट्र धोरणातली ही बाजू क्वचितच आठवली जाते.

पोल पॉट १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभा न राहताच मेला. न्यायाधिकरण उभे राहायला २००६ उजाडले. तीस कोटी डॉलरवर खर्च झाला आणि शिक्षा लागली तिघांना : दुच, पोल पॉटचा उजवा हात नुओन चिया आणि खिउ सम्फान. सम्फानचे शेवटचे अपील २०२२ मध्ये फेटाळले गेले.

आपल्या पर्यटन पुरवणीत अंगकोर वाटवर लेख येतच असतात. १९८६ ते १९९३ या काळात त्या मंदिराची डागडुजी भारतीय पुरातत्त्व खात्याने केली, त्यामुळे आपल्या वाचकांना त्याचे अप्रूप आहेच. पुढच्या वेळी त्याच लेखाला जोडून तुओल स्लेंगला निदान अर्धे पान द्यावे आणि सहलीच्या आखणीत त्यासाठी अर्धा दिवस ठेवायला वाचकांना सुचवावे. लहान मुलांना मात्र आत नेऊ नये, हेही त्यात छापावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, सातारा