मनूला, बॅट घेण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि मी तशीच उभी राहिले. तुझ्यामागे कुणीतरी खेळत होतं. टक टक, टक टक, मग बॉल जमिनीवर पडून उड्या मारत लांब गेल्याचा आवाज, मग कुणाचं तरी हसू. तुझं बोलणं चालू असताना माझा अर्धा कान तिकडेच होता. किती वर्षांनी टेबल टेनिसचा तो आवाज घरात आला, तोही तुझ्या फोनमधून. आणि इतकं बरं वाटत असताना माझ्या तोंडातून काय निघालं, तर "ती बॅट अजिबात घ्यायची नाही." खेळायला कसं वाटतंय, हे आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं.

फोनवर आपलं दोघींचं हे असंच होतं, म्हणून लिहून पाठवते. मनगटाचा विषय काढणार नाही, असं बाबांना कबूल केलंय. फक्त बॅटबद्दल लिहिते.

तू घ्यायची म्हणतेस ती तुझ्या सीनिअर ताईची बॅट वाईट आहे, असं माझं म्हणणं नाहीच. तिच्या हातात ती शोभत असेल. तुला मात्र बॅट हातात धरून तीन आठवडे झालेत. तिच्या ब्लेडमध्ये, म्हणजे रबराखालच्या फळीत, कार्बनचे दोन थर आहेत म्हणालीस. नियमाप्रमाणे कुठल्याही ब्लेडच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड असावंच लागतं, म्हणजे कार्बनची म्हणतात ती बॅटही मुख्यतः लाकडाचीच असते. पण त्या दोन पातळ थरांनी ब्लेड कडक होतं आणि बॉल टेकतो न टेकतो तोच सुटतो. ज्याचा स्ट्रोक पक्का झालाय त्याला हेच हवं असतं. नवशिक्याचं काय होतं, ते मी स्वतः भोगलंय.

माझी पहिली बॅट तशीच होती. अण्णांच्या मागे लागून, रडून, दोन दिवस अबोला धरून मिळवलेली. मोठ्या गटात खेळणाऱ्या मुलींकडे होती म्हणून हवी होती, दुसरं कारण नव्हतं. पहिल्या दिवशी पूर्ण हात फिरवून मारलं, तर बॉल टेबलाला न लागता थेट मागच्या भिंतीवर. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळेपासून मी हात आखडता घेतला. कुणी सांगावं लागलं नाही, शरीर आपोआप शिकतं. कमरेतून, खांद्यातून यायचा तो स्ट्रोक कोपरापाशी अडायला लागला, आणि बॉल बाहेर जाऊ नये म्हणून शेवटच्या क्षणी मनगट आवळून मी बॅटला ब्रेक लावायचे. वर्षभर हेच. बॉल टेबलावर पडायचा, मॅचही जिंकायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांच्या आलं. ते मागे येऊन उभे राहिले, माझं कोपर दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "पोरी, तू बॉल मारत नाहीस, बॅट थांबवतेस."

त्यांनी ती बॅट काढून घेतली आणि आपल्या कपाटातलं एक साधं पाच प्लायचं, म्हणजे पाच पातळ थरांचं, लाकडी ब्लेड दिलं. हळू. त्याच्यावर आखडलेला हात चालायचाच नाही, बॉल सरळ जाळीत. हात पुरा फिरला तरच पलीकडे जायचा. आठ महिने मी नुसता फोरहँड दुरुस्त करत होते. माझ्याहून लहान पोरी पुढे निघून गेल्या, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर सलग शंभर मोजत उभी. नव्याने शिकणं सोपं असतं गं, अंगात मुरलेलं काढणं फार अवघड. आणि त्या वर्षभरात दुखायचं ते नेमकं कुठे, तर मनगटात. बघ, आलाच विषय. तो तुझा उजवा हात आहे, मनू, म्हणून येतो.

काल तू माझीच गोष्ट माझ्यावर उलटवलीस. सातोची. अण्णा मला सांगायचे आणि मी तुला झोपवताना सांगायचे, तीच. १९५२ सालची मुंबईतली जागतिक स्पर्धा. बाकीचे दाणेदार रबराच्या बॅटींनी खेळणारे, बॉल बॅटला लागल्याच्या आवाजावरून तो किती जोरात येणार ते ताडणारे. आणि जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आलेला. त्या बॅटला आवाजच नव्हता. पुरुष एकेरीचं विजेतेपद तो घेऊन गेला. "मग तो बॅटमुळेच जिंकला ना?" असं तू विचारलंस आणि मला उत्तर सुचलं नाही. रात्री पडल्या पडल्या विचार केला. हो, बॅटने खेळ बदलतो. इतका बदलतो, की १९५९ मध्ये नुसत्या स्पंजावर बंदी आणावी लागली आणि रबर अधिक स्पंज मिळून ४ मिलिमीटरच्या वर जाडी नको, अशी हद्द घालावी लागली. ती हद्द आजही आहे. पण सातो तेव्हा देशाच्या संघातून खेळणारा माणूस होता. खेळायला लागून तिसरा आठवडा नव्हता त्याचा.

मग तुझ्यासाठी कशी घ्यायची? मी घेतली असती ती सांगते. ब्लेड पाच प्लायचं, पूर्ण लाकडी, 'ऑलराउंड' लिहिलेलं. 'ऑफेन्सिव्ह' म्हणजे वेगवान, त्याच्या वाटेला आत्ता जायचं नाही. दोन्ही बाजूंना गुळगुळीत रबर, दाणे आतल्या बाजूला असलेलं, आणि खाली स्पंज १.८ मिलिमीटरचा, फार तर २ चा. स्पंज जाड असला की बॉल खोल रुततो आणि तेवढ्याच जोरात बाहेर फेकला जातो. १.५ चा घेतलास तर ताबा छान राहील, पण टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी द्यायला, शिकायला लागलीस की लवकरच कमी पडेल. मी यासाकाच्या मार्क व्ही रबरावर शिकले. ते १९६९ पासून बाजारात आहे आणि अजून मिळतं. तेच घे असं नाही, त्या स्वभावाचं घे.

पाकिटात येणाऱ्या अगदी स्वस्त तयार बॅटी मात्र नकोत. त्यांच्यातल्या बहुतेकींचं रबर नुसतं चकचकीत असतं, बॉलला पकडतच नाही. एक करून बघ. बॉल रबरावर हलकासा दाब आणि बोटांनी जागच्या जागी फिरव. चांगलं रबर बॉलबरोबर थोडं ओढलं जातं, हाताला तो अडकाव जाणवतो. काचेवरून निसटावा तसा बॉल निसटला, तर त्या बॅटने स्पिन कधी कळणारच नाही, आणि समोरच्याचा स्पिन आला की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहील. तयार बॅट चांगल्या रबराचीही मिळते. ती घेतलीस तरी माझी हरकत नाही.

निळं रबर हवंय म्हणालीस, ते खुशाल घे. त्यावरून काल उगाच बोलले. आमच्या वेळी लाल आणि काळं याशिवाय दुसरं नव्हतं, १९८६ पासून तसा नियमच होता. ऑक्टोबर २०२१ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल, निळी, हिरवी, गुलाबी किंवा जांभळी चालते. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असायच्या तेव्हा काही जण दोन वेगळ्या जातींची रबरं लावून रॅलीतच बॅट उलटी करायचे, समोरच्याला काही समजायचं नाही, म्हणून रंग वेगळे करावे लागले. तुझी रूममेट मनिका बत्राचं उदाहरण देऊन बॅकहँडला लाँग पिंपल्स, म्हणजे बाहेर लांब दाणे असलेलं रबर, लाव म्हणते, ते मात्र नको. मनिकाचा खेळ त्या रबराभोवती वर्षानुवर्षं घडवलेला आहे. लाँग पिंपल्स समोरच्याचाच स्पिन उलटा परत पाठवतात. तुला अजून स्वतःचा स्पिन काढायला शिकायचंय.

आता वजन. हे लांबवत होते. दोन जाड रबरं आणि कडक ब्लेड मिळून त्या ताईची बॅट सहज १९० ग्रॅम भरेल. तुझी १७० च्या आसपास असावी. वीस ग्रॅमने काय होतं, म्हणशील. हातात नुसती धरली तर काहीच होत नाही. पण ते वीस ग्रॅम हाताच्या पार टोकाला असतात, एका संध्याकाळी हात शेकडो वेळा फिरतो, आणि ते सगळं शेवटी येतं ते

राहू दे. लिहितेच सरळ. आठवीत प्लास्टर कापलं तेव्हा मी तुझ्याशेजारी होते. ते यंत्र सुरू झाल्यावर तू माझा पदर तोंडात धरला होतास. मग हात बाहेर आला, बारीक, पांढरट, सालपटं निघालेला, आणि तू म्हणालीस, "आई, हा माझा नाही." सहा आठवडे डाव्या हाताने लिहिलेली ती तुझी वही माझ्याकडे अजून आहे. त्यात 'ळ' सगळे उलटे आहेत. दादा हसला म्हणून आत्या त्याच्यावर केवढी ओरडली होती. तू मात्र रडली नाहीस. नंतर रोज तो मऊ चेंडू दाबायचीस, पन्नास वेळा, मी न सांगता. डॉक्टर म्हणालेत हाड पूर्वीसारखंच पक्कं आहे, हे मला माहीत आहे. बाबा रोज सांगतात. पण तू "बॅट मस्त जड आहे" म्हणालीस आणि मला तो बारीक हातच दिसला.

परत शिकवणी झाली. माफ कर. आणखी थोडंच.

तरीही तिचीच घ्यायची असेल, तर निदान रबर बघून घे. रोज खेळणाऱ्याचं रबर काही महिन्यांत मरतं. कडेला बारीक भेगा असतील, मधोमध जिथे बॉल लागतो तिथे झळाळी गेलेली असेल, नखाने कड उचलली जात असेल, तर रबर संपलेलं आहे. ब्लेड कानाजवळ धरून बोटाच्या गाठीने ठोक. कुठे बद्द आवाज आला तर प्लाय सुटलेत. आणि हँडल मुठीत आवळू नकोस, हात मिळवतो तसं सैल धर. खाली रुंद होत जाणारं फ्लेअर्ड हँडल तुझ्या लहान पंजाला बरं, सैल धरलं तरी निसटत नाही. दहा मिनिटं खेळल्यावर अंगठ्याच्या बुडाशी ओढ जाणवली, तर समज की बॅट जड आहे नाहीतर तू आवळून धरतेस.

तू परवा सांगितलंस ना, बॅकहँड पुश सलग चाळीस झाले म्हणून? मी "हं" म्हणाले आणि विषय बदलला. तिसऱ्या आठवड्यात चाळीस! मला दोन महिने लागले होते. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. फोन ठेवल्यावर बाबांना तीनदा सांगितलं, मामालाही कळवलं.

आज सकाळी माळ्यावरून माझी पेटी काढली. सरांनी दिलेलं ते ब्लेड त्यात आहे. वरचं रबर पापडासारखं झालं होतं, ओढलं तर तुकडे पडले. स्पंजाचा भुगा बोटाने हळूहळू घासून काढला, खाली लाकूड जसंच्या तसं. हँडल माझ्या घामाने काळं पडलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ८४ ग्रॅम भरलं. ४०-४२ ग्रॅमची दोन रबरं लावलीस तरी १७० च्या आत राहतं.

ते घेच असं म्हणत नाही. तुझी पहिली बॅट तू निवडायचीस, मी माझी निवडली होती तशी. पण पार्सल करून ठेवलंय, उद्या बाबा पाठवतील. रबरं आणि ग्लू तिकडे घे, ग्लू पाण्याचा घे, आणि रबर लावून द्यायला तुमच्या कोचना सांग, पहिल्यांदा कापताना कड वाकडी जाते. तर्जनी आणि अंगठा टेकतात तिथली धार मला बोचायची, फोड यायचे. तुझी बोटं माझ्यासारखीच आहेत, म्हणून तेवढ्या दोन जागा आज बारीक पॉलिशपेपरने घासून गोल केल्यात. बोट फिरवून बघ, अजून टोचलं तर तूही थोडं घास.

रविवारी फोन कर. खेळताना केलास तरी चालेल.

तुझी
आई