मुलुंडची पानवेल निफाडच्या गारठ्यात

मुलुंड, 14 डिसेंबर

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

थंडीत झाडांचं काय करायचं ते फोनवर सांगितलं की तुम्ही दोघं "हो, हो" म्हणता आणि फोन ठेवला की आपापल्या मनाचं करता. म्हणून यंदा लिहूनच पाठवतेय. बाबा, वाचून झालं की हा कागद कालनिर्णयच्या खिळ्याला अडकवा.

इकडे थंडी पडली, म्हणजे काल आमच्या वॉचमनकाकांनी माकडटोपी काढली. पारा 18. लोकलमध्ये निम्म्या बायका शालीत. बाबा, तुम्ही परळच्या चाळीतली शेगडीभोवती काढलेली रात्र सांगता ना, 1962 च्या जानेवारीतली? त्या 22 तारखेला सांताक्रूझला 7.4 अंश होतं आणि तिथला तो नीचांक अजून मोडलेला नाही. तुमच्या निफाडला 2018 च्या डिसेंबरात 1.8! आणि अशा ठिकाणी तुम्ही आपल्या गॅलरीतली झाडं टेम्पोत घालून नेलीत. त्या बिचाऱ्यांनी जन्मात कधी स्वेटर पाहिला नव्हता.

आधी पानवेलीचं. गेल्या जानेवारीत तू फोटो पाठवलास, पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती, आणि तू बाबांना बोल लावलास. आई, चूक माझी होती. प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सुतळीने बुंध्याशी आवळा, हे मीच सांगितलं होतं. मुंबईत पावसासाठी जे करतो तेच मी थंडीला लावलं. पिशवी जिथे पानाला टेकते तिथे बाहेरचा गारठा थेट पानात उतरतो, आणि आत ओल साचते ती वेगळीच. बुंध्याशी आवळली की तर सगळंच फुकट, कारण झाडाला रात्री ऊब मिळते ती जमिनीकडून. माती दिवसभर तापते आणि रात्रभर ती ऊब सोडत राहते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की ती सरळ वर निघून जाते. म्हणून ढगाळ रात्री निभावून जातं आणि चांदण्याच्या रात्री झाड जळतं. आपल्याला अडवायची आहे ती ही ऊब. चार काठ्या रोवायच्या, वरून सुती चादर तंबूसारखी सोडायची, कडा थेट मातीला टेकवून त्यांवर विटा ठेवायच्या. पानांना कापड लागू द्यायचं नाही. सकाळी ऊन अंगणात आलं की चादर काढायची, नाहीतर रात्रीसाठी माती तापणार कशी?

पण हे जमिनीतल्या झाडांचं झालं. पानवेल अजून रंगाच्या त्या रिकाम्या डब्यात आहे, आणि डब्याला गारठा चारी बाजूंनी लागतो, अगदी मुळांपर्यंत. शिवाय ती वसईच्या मावशीच्या वाडीतली, दमट हवेची; 10 अंशांच्या खाली पारा गेला की पाणी गोठायच्या कितीतरी आधीच ती मान टाकते. तिला संक्रांतीपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेव. डबा जड आहे, तुम्ही दोघांनी उचलायचा नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा.

बाबा, आता तुमचं पहाटेचं पाणी. द्राक्षवाले पहाटे ड्रिप सोडतात म्हणून तुम्हीही सोडता, ठाऊक आहे. पण त्यांचं पाणी बोअरचं, म्हणजे पहाटेच्या हवेपेक्षा कोमट. तुमचं गच्चीवरच्या टाकीतलं, रात्रभर गार झालेलं. ते मुळांवर ओतणं म्हणजे झोपलेल्याच्या अंगावर बादली रिकामी करणं. पाणी दुपारी द्या, मातीला द्या, पानांवर नको. ओली माती कोरडीपेक्षा ऊब जास्त धरते, त्यामुळे कुंड्या अगदी कोरड्या ठणठणीतही ठेवू नका. अडेनियम तेवढं वगळा, ते पाण्याने कुजेल. आणि शेकोटीचा धूर बागाईतदारांना लखलाभ. आपल्या एवढ्याशा अंगणात त्याने झाडं तगणार नाहीत, तुमचा खोकला मात्र वाढेल.

हापूसच्या कलमाला कडब्याची खोप करून घ्या, आग्नेयेची बाजू उघडी, म्हणजे सकाळचं ऊन आत जाईल. बाकीच्यांची फार काळजी नको. मोगरा पानं टाकेल, टाकू दे. अळू पिवळं पडलं तरी कंद जिवंत असतो, वर पालापाचोळा पसर. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा आणि कुंडी पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेव. दुपारी तापलेली भिंत रात्री शेजाऱ्यासारखी उपयोगी पडते. जास्वंदीच्या काळ्या पडलेल्या फांद्या बघून आई, तुझे हात शिवशिवतील, पण फेब्रुवारी सरेपर्यंत कात्री लावू नकोस. कापलं की कोवळी फूट येते आणि पुढच्या गारठ्यात तीच आधी जाते. खताचंही तेच, आत्ता नको.

एक सांगायचं राहिलं. टेम्पो निघाला त्या दिवशी पानवेलीची एक फांदी मी गुपचूप कापून ठेवली होती. बाथरूमच्या खिडकीत आहे, सात पानं आलीत. तेव्हा तिकडची गेलीच तर घरात सुतक पाळू नका.

शनिवारी पंचवटीने नाशिक रोडला उतरते आणि पुढे एसटीने येते. जुन्या सुती चादरी मीच आणतेय. बाबा, गेल्या वर्षी तुम्ही स्वतःची सोलापुरी कलमावर घातलीत आणि पातळ शाल घेऊन झोपलात, हे मला आईने नाही, काकूने सांगितलं. यंदा सोलापुरी अंगणात दिसली तर मी कलमच उपटून मुलुंडला आणेन.

तुमची,
ताई