विडीची तारीख केसपेपरवर लिहिणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

निवृत्तीच्या दिवशी तुम्हाला शाल-श्रीफळ मिळालं, भाषणंही झाली. इंजेक्शनचा हलका हात, वेळेवर येणं, शिस्त, सगळ्याचं कौतुक झालं. तंबाखूचा मात्र कुणी उल्लेख केला नाही, म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय ते अशासाठी, की मनोविकार विभागात काम करणाऱ्या आणखी कुणाला तुमची रीत उचलता यावी.

'त्याला तेवढंच तर सुख आहे, ओढू दे की' हे वाक्य नातेवाइकांकडून येतं आणि आमच्यातल्या अनेकांच्या तोंडूनही निघतं. तुम्ही त्यावर कधी वाद घातला नाहीत. तुम्ही तीन प्रश्न विचारायचात : काय घेता, किती घेता, आणि सकाळी उठल्यावर पहिलं किती वेळात लागतं? 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. मशेरीला घरात तंबाखू म्हणतच नाहीत, ती दात घासायची वस्तू. विदर्भातला खर्रा 'सुपारी' होतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी, त्यामुळे तो सरकारी माणसापुढे कबूल कोण करणार? म्हणून तुम्ही एकेक नाव घ्यायचात : विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, मशेरी, मावा, खर्रा, गुटखा. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. नुसती सिगारेट विचारणारा छापील फॉर्म आपल्याकडे किती माणसं सोडून देत असेल, ते यावरून कळतं. मोजमापही तुमचं घरगुती. विडीचं बंडल किती दिवसांत संपतं, तंबाखूची पुडी किती दिवस पुरते, मशेरी दिवसातून किती वेळा आणि ती तोंडात किती वेळ असते. 'थोडीशीच' हे उत्तर तुम्ही केसपेपरवर कधी चढू दिलं नाहीत.

पण आमचं खरं ऋण आहे ते त्या लाल रेघेचं. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही भास-संशयाच्या आजारावरची औषधं चालू असलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर डोसच्या शेजारी तुम्ही लाल पेनाने 'धूर' लिहायचात, पुढे आकडा आणि तारीख. त्याचं कारण आता आम्हीही शिकाऊ मुलांना तुमच्याच शब्दांत सांगतो. विडी-सिगारेटच्या धुरातली जळकी रसायनं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवतात. ते विकर या दोन औषधांना भराभर संपवतं. ओढणाऱ्याला म्हणून डोस जास्त लागतो. ओढणं थांबलं की विकर आठवडाभरात मूळ पातळीवर येतं, आणि तोच डोस अंगावर जड पडतो. माणूस दिवसभर झोपतो, उशी लाळेने भिजते, शौचाला होत नाही, उठताना भोवळ येते. क्लोझापिनमध्ये गोष्ट फिट येण्यापर्यंत जाऊ शकते. घरचे समजतात की विडी सोडल्याने आजार वाढला, आणि स्वतः बंडल आणून हातात देतात.

हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, ही गोष्ट तुम्ही आम्हाला कितीदा घोकून घेतलीत! विडी सोडून तंबाखू मळायला लागलेला माणूस औषधाच्या हिशेबात 'सोडलेला'च धरायचा. तंबाखू सोडायला दिलेली निकोटिनची पट्टी किंवा गम चालू असली तरी डोस बघावाच लागतो. उलट आयुष्यभर मशेरीच लावलेल्या बाईंनी ती सोडली, तर या कारणासाठी डोस हलवायची गरज नाही. आणखी एक बारकावा : दिवसाला दहाएक सिगारेटींतच विकर जवळजवळ पुरतं वाढलेलं असतं. तिसावरून पंधरावर आल्याने औषधाच्या पातळीत फार फरक पडत नाही. खरी उडी शेवटच्या काही सिगारेटी सुटतात तेव्हा लागते, म्हणजे नेमकी घरात सगळे निर्धास्त झालेले असताना.

म्हणून सोडायची तारीख आधी डॉक्टरांना कळवायची. सोय असेल तर त्याआधी क्लोझापिनची रक्तातली पातळी तपासायची, रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी. मग डॉक्टर पहिल्या आठवड्यात डोस साधारण २५ टक्के टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि आठवड्याने पातळी पुन्हा बघतात. ओलान्झापिनलाही साधारण हेच. गोळी कमी-जास्त करणं घरच्यांनी आपल्या हाताने करायचं नाही, हे तुम्ही केसपेपरवर वेगळ्या चौकटीत लिहायचात.

उलटी बाजू जास्त घात करते. वॉर्डात धूर बंद, त्यामुळे पंधरा दिवसांत कमी डोसवर माणूस छान सावरतो. सुट्टी होते, फाटकाबाहेरच्या टपरीवर पहिली विडी पेटते, आणि महिन्याभरात आवाज परत ऐकू येऊ लागतात. सगळे म्हणतात, गोळ्या चुकवल्या असतील. गोळ्या चुकलेल्या नसतातच, धूर त्या खाऊन टाकत असतो. डिस्चार्ज कार्डावर 'घरी गेल्यावर पुन्हा ओढू लागल्यास लगेच कळवा' ही ओळ तुम्ही सुरू केलीत. आता ती छापूनच येते.

चहाचं तर आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. कॅफिनलाही तेच विकर संपवतं. ओढणं थांबल्यावर तेवढाच चहा दुप्पट चढतो : हात थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते, आणि वर घबराटीची गोळी सुरू होते. सोडायच्या दिवसापासून चहा निम्मा, संध्याकाळचा बंद. गोळी वाढवण्याआधी कप मोजा, हा तुमचा नियम.

तलफ आणि आजार यांतला फरक तुम्ही वहीत मांडलात. चिडचिड, अस्वस्थता, उदासी, झोपमोड, वाढलेली भूक हे सोडल्यावर काही तासांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि बहुतेक दोन ते चार आठवड्यांत ओसरतं, भूक मात्र त्याहून जास्त काळ टिकू शकते. वाढत चाललेला संशय, ऐकू येणारे आवाज, झोप नसूनही अंगात संचारलेला उत्साह, मरणाचे विचार ही तलफ नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर. तंबाखूने 'टेन्शन' जातं असं वाटतं, कारण मागच्या विडीने लावलेली ओढ पुढची विडी भागवते. सोडलेल्यांचं नैराश्य आणि चिंता काही आठवड्यांनंतर कमी झालेली दिसते, हे २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं, आणि मानसिक आजार असलेल्यांतही तसंच आढळलं. त्या निबंधाची प्रत तुम्ही फळ्यावर टाचून ठेवली होती. कोपरे पिवळे पडलेत, पण आहे.

निकोटिन गम फुकट जाते ती चघळण्याच्या चुकीने. लोक ती साध्या च्युइंगमसारखी चावतात, मग उचकी, घशात जळजळ, मळमळ. तिखट झिणझिणी येईपर्यंत सावकाश चावायची, मग गालात दाबून ठेवायची. झिणझिणी गेली की पुन्हा थोडं चावायचं. एक गोळी अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत नाही, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला बार भरणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची, बाकीच्यांना २ ची. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, तलफेची वाट न बघता. आपल्या पेशंटांच्या अडचणी वेगळ्याच : ट्रायहेक्सिफेनिडिलने (मनोविकाराच्या औषधांनी येणाऱ्या थरथरीवरची गोळी) तोंड कोरडं पडलेलं, तर क्लोझापिनवाल्याची लाळ एवढी की निकोटिन पोटातच जातं. दातही नसतात. अशांना तुम्ही पट्टीकडे वळवायचात : रोज नव्या जागी, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, आणि स्वप्नं फार पडली तर रात्री काढून.

तंबाखू सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळीला आम्ही सगळेच भ्यायचो, तिने मन बिघडेल म्हणून. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांवर लोकांच्या चाचणीत निम्मे मानसिक आजार असलेले होते, आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या (प्लासिबो) तुलनेत मानसिक त्रास लक्षणीय वाढला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने माहितीपत्रकावरचा याबद्दलचा चौकटीतला इशारा काढून टाकला. तरी तुम्ही पहिले काही आठवडे फोन करून मन कसं आहे ते विचारायचातच. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळते. ती मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून वर्षानुवर्षं लिथियमवर (मनाचे चढउतार आवरणारं, पण मूत्रपिंडाला जड जाऊ शकणारं औषध) असलेल्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आधी. तंबाखू सोडवणारी दुसरी गोळी, ब्युप्रोपिऑन, मात्र क्लोझापिनसोबत नको, फिटचा धोका दोन्ही बाजूंनी वाढतो.

आणि एक गोष्ट, जी बोलायला आम्हाला अजूनही जड जातं. आंघोळ केली तर एक विडी, झाडलोट केली तर दोन. मनोरुग्णांच्या वॉर्डांत ही जुनी पद्धत होती, आणि तिने कित्येकांना पहिली विडी हातात दिली. तुम्ही त्या जागी बागेतली फेरी, कॅरम, घरी फोन आणले. महिनाभर सगळे कुरकुरले, कर्मचारी जास्त, पेशंट कमी.

तुमची वही खिडकीजवळच्या कपाटात दुसऱ्या खणात आहे. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर तुम्ही मुखपृष्ठावर लिहिला होता, तो पुसट झाला होता, परवा पुन्हा गिरवला. मशेरीच्या पानावर मात्र तुमचं अक्षर लागत नाही : 'चिमूट' पुढे तुम्ही अर्धी लिहिलंय की आठवी? एकदा येऊन सांगा. चहा निम्मा मिळेल.

तुमचे,
समुपदेशन खोलीतले सगळे